माहिती आहे, पण मान्य आहे का?

बरेच दिवस या विषयावर लिहायचं मनात होतं. दरवर्षी २ एप्रिल जवळ आला की ते वर येतं आणि एप्रिल संपला की घरच्या-ऑफिसच्या कामांखाली परत दबून जातं. यंदा म्हटलं, एप्रिलची वाटच बघायला नको. विषय बारमाही आहे, मग लिहायला मुहूर्त कशाला?

२ एप्रिल हा 'जागतिक स्वमग्नता जागरूकता दिवस'. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २००७ मध्ये तसा ठराव केला आणि २००८ पासून हा दिवस पाळला जाऊ लागला. त्या दिवशी मोठमोठ्या इमारतींवर निळा प्रकाश सोडतात, शाळांत मुलं निळे शर्ट घालून येतात, पेपरात एखाद्या डॉक्टरांचा लेख येतो. आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरही निळी हृदयं येतात. यात वाईट काहीच नाही. ज्या गोष्टीचं नावसुद्धा लोकांना माहीत नव्हतं, ती आता निदान ऐकून तरी माहीत झाली.

पण एखाद्या गोष्टीची माहिती असणं आणि ती मान्य असणं, या दोन्हींत अंतर किती? आमच्याच घरात मोजून बघितलं तर बरंच निघतं.

आमच्या घरात स्वमग्न माणसं दोन. एक माझा थोरला चुलतभाऊ. त्याला आम्ही सगळे अण्णा म्हणतो. तो धर्मापुरीला असतो, आता पन्नाशीला टेकलाय. दुसरा माझा भाचा, पुण्यात वाढतोय, यंदा सातवीत आहे. ज्यांना धर्मापुरी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, बीड जिल्ह्यात अंबाजोगाई-परळीच्या बाजूला आमचं गाव. चालुक्यांच्या काळातलं केदारेश्वराचं देऊळ आहे, बाहेरच्या भिंती शिल्पांनी भरलेल्या. जुना किल्लाही आहे. अभ्यासक मंडळी ते बघायला येतात. गावकरी मात्र त्याच दगडांच्या सावलीला बसून तुरीचा भाव काय निघाला याची चर्चा करतात.

अण्णाच्या लहानपणी, म्हणजे ऐंशीच्या दशकात, काकांनी त्याला डॉक्टरांकडे नेलं होतं. 'मतिमंद आहे, घरीच सांभाळा' एवढंच उत्तर मिळालं. त्यात त्या डॉक्टरांना दोष देण्यात अर्थ नाही. लिओ कॅनर यांनी १९४३ साली अमेरिकेत ऑटिझमचं पहिलं नीट वर्णन केलं खरं, पण आपल्याकडे पालकांना आधार देणारी 'अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम' ही संस्था दिल्लीत सुरू झाली तीच १९९१ साली. अपंगांसाठीचा १९९५ चा कायदा आला, त्यात ऑटिझमचा उल्लेखच नव्हता. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात तो आला, आणि अपंगत्वाच्या प्रमाणपत्रापर्यंत, नोकरीतल्या आरक्षणापर्यंत पोचायला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा यावा लागला. तोवर अण्णा चाळीस वर्षांचा झाला होता!

२०१७ मध्ये भाच्याचं निदान झालं. तो तेव्हा जेमतेम तीन वर्षांचा होता. ताई फोनवर मला डॉक्टरांनी विचारलेले प्रश्न वाचून दाखवत होती. नावाने हाक मारली तर बघतो का? एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणतो का? ठरलेल्या क्रमात बदल झाला की अस्वस्थ होतो का? आवाज सहन होत नाहीत का? मी ऐकत गेलो आणि मध्येच म्हणालो, "ताई, हे तर अण्णाचं वर्णन आहे." ती गप्प झाली. मग म्हणाली, "मलाही पहिल्या प्रश्नापासून तेच वाटतंय."

पुढे २०१९ मध्ये अण्णाचीही तपासणी झाली. त्यासाठी आपल्याकडे 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी आहे. चाळीस प्रश्न असतात, प्रत्येकाला एक ते पाच गुण. सत्तरच्या आत असेल तर ऑटिझम नाही, त्यापुढे सौम्य, मध्यम, तीव्र असे टप्पे. अण्णाचं 'मध्यम' आलं. कागद हातात पडल्यावर काकू म्हणाल्या, "म्हंजी आता नवं नाव मिळालं. लेकरू तर तेच हाय की." (अण्णाचे केस पांढरे झालेत, पण काकूंसाठी तो लेकरूच.)

काकूंच्या या वाक्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. माहिती आणि स्वीकार यांतला फरक काकूंना शिकवावा लागला नाही, कारण त्यांच्याकडे माहिती शून्य होती आणि स्वीकार पुरेपूर होता. उदाहरण सांगतो. अण्णाला अस्वस्थ वाटलं की तो बाजारभाव म्हणायला लागतो. लहानपणी घरात आकाशवाणीचं परभणी केंद्र लागायचं, त्यावर ऐकलेले भाव. क्विंटलचे आकडे, आवकेचे आकडे, तेही निवेदकाच्याच सुरात. परक्या माणसाला वाटतं, बडबड चाललीय. काकूंना बरोबर कळतं. नुसते ज्वारीचे भाव चालू असतील तर भूक लागलीय किंवा कंटाळा आलाय. तूर आणि कापूस एकदम सुरू झाले तर त्याला तिथून ताबडतोब निघायचंय. काकू हातातलं काम टाकून त्याला घेऊन निघतात, कारण विचारत बसत नाहीत. पुस्तकात याला 'एकोलालिया' म्हणतात, आणि ही बडबड निरर्थक नसून संवादाचा प्रयत्न असू शकतो, असं आता तज्ज्ञ सांगतात.

आणखी एक. बाजाराच्या दिवशी काकू सकाळीच पिशवी खुंटीला अडकवतात. पाहुणे यायचे असतील तर सतरंजी दारापाशी आणून ठेवतात. दवाखान्यात जायचं असेल तर अण्णाच्या चपला आदल्या रात्रीच उंबऱ्याजवळ. आज काय होणार ते अण्णाला आधी दिसतं, म्हणून दिवस सुरळीत जातो. पुण्यात ताईने भाच्यासाठी चित्रांच्या कार्डांचा तक्ता भिंतीवर लावलाय. त्याचं तंत्र एका कार्यशाळेत पैसे भरून शिकली. धर्मापुरीला पिशवी, सतरंजी आणि चपलांत तेच चाललं होतं, तेही चाळीस वर्षं!

आता इथे एक धोका आहे. 'बघा, आमची खेडी किती छान, शहरात सगळं बिघडलं' असा सूर लागायला वेळ लागत नाही, तो मला लावायचा नाही. गावात अण्णाला 'येडं' म्हणतात, आजही म्हणतात. पोरांनी त्याला खडे मारलेत. यात्रेच्या गर्दीत कुणीतरी मुद्दाम कानाजवळ फटाका लावला होता, तेव्हा तो दोन दिवस घराबाहेर पडला नाही. शाळेत तो चार महिने गेला असेल. 'उद्यापासून पाठवू नका' म्हटल्यावर काकांनी दप्तर माळ्यावर ठेवून दिलं, विषय संपला. गावाने अण्णाला सामावून घेतलं असं म्हणण्यापेक्षा गावाने त्याला 'असू दिलं' असं म्हणणं खरं. कट्ट्यावर बसला तर कुणी उठवत नाही, हॉटेलवाला पैसे न घेता चहा देतो, हरवला तर चार माणसं शोधायला निघतात. हे थोडं नाही. पण त्याच्याशी कुणी काही बोलायला जात नाही, त्याला काय हवंय हे कुणी विचारत नाही.

भाच्याची गोष्ट बरोबर उलटी. त्याच्या सोसायटीत सगळ्यांना ऑटिझम माहीत आहे. २ एप्रिलला गेटवर निळे दिवे लागले होते, फोटोसाठी त्याला मधोमध उभं केलं होतं. त्याच एप्रिलमध्ये ताईकडे तक्रार आली, मुलगा लिफ्टमध्ये हात फडफडवतो आणि आवाज काढतो, बाकीची मुलं घाबरतात, तुम्ही जिन्याने जात जा. घर सहाव्या मजल्यावर! वर्गातल्या मुलांना स्वमग्नतेची पाच लक्षणं पाठ आहेत, प्रकल्पात लिहिली होती. वाढदिवसाचं बोलावणं मात्र पहिली ते सातवीत त्याला दोनदा आलं. ताई एकदा म्हणाली, "लोक मला विचारतात, त्याला काय झालंय. त्याला काय आवडतं, हे नाही कुणी विचारत." (त्याला पूल आवडतात. पुण्यातला कुठला पूल कुठे आहे, त्याला कमानी किती, सगळं सांगतो. ऐकणारा पाहिजे.)

म्हणजे एकाला गावाने कारण न समजताच असू दिलं आणि दुसऱ्याला शहराने कारण समजूनही दूर ठेवलं. या दोन्हींपेक्षा वेगळं काहीतरी हवंय, त्याला मी स्वीकार म्हणतो. 'त्याला काय झालंय' हे समजलं की जागरूकता आली. 'त्याच्यासाठी मी माझ्यात काय बदलू' हा प्रश्न पडला की स्वीकार सुरू झाला. पहिलीत आपल्याला काही द्यावं लागत नाही. दुसऱ्यात थोडी तोशीस असते, म्हणून तो अवघड.

हा विचार मला सुचलेला नाही, तो मांडला स्वमग्न माणसांनीच. जिम सिंक्लेअर हे स्वतः ऑटिस्टिक. त्यांनी १९९३ मध्ये टोरंटोच्या परिषदेत पालकांना सांगितलं, की आमच्यासाठी शोक करू नका. तुम्हाला हवं होतं ते मूल मिळालं नाही याचं दुःख तुमचं आहे, ते समजू शकतो, पण जे मूल समोर आहे ते तुमची वाट बघतंय... असा साधारण आशय. पुढे २०११ पासून अमेरिकेतल्या ऑटिस्टिक कार्यकर्त्यांनी एप्रिलमध्ये 'जागरूकता' ऐवजी 'स्वीकार' हा शब्द धरला. तिथल्या ऑटिझम सोसायटीनेही २०२१ मध्ये महिन्याचं नाव तसं बदललं. नुसता शब्द बदलून काय होतं, असं कुणी म्हणेल. पण 'मतिमंद'चं 'दिव्यांग' आपणही केलंय, तेव्हा शब्द बदलणं सोपं आणि वागणं बदलणं अवघड हे आपल्याला कुणी सांगायला नको.

शब्दावरून आठवलं. 'स्वमग्न' हा शब्द मला कधीच पूर्ण पटला नाही. मूळ शब्द ग्रीक 'ऑटोस' म्हणजे 'स्व' यावरून १९११ च्या सुमारास ब्लॉयलर नावाच्या स्विस मानसोपचारतज्ज्ञाने काढला, तोही दुसऱ्याच आजाराच्या संदर्भात. आपण त्याचं मराठी केलं. एरवी आपण मग्न हा शब्द किती प्रेमाने वापरतो! भजनात मग्न, वाचनात मग्न. इथे मात्र 'स्वतःतच बुडालेला, त्याला दुसऱ्याचं काही नाही' असा अर्थ चिकटतो. अण्णाला दुसऱ्याचं काही नाही? काका गेले तेव्हा, २०२२ साली, अण्णा रडला नाही. लोकांनी लगेच बोलून दाखवलं, 'याला काय कळतंय'. तेराव्यापर्यंत तो रोज काकांचा तांब्या घासून त्यांच्या बाजेखाली ठेवत होता. हे मी स्वतः पाहिलंय. आणखी कसं कळायला हवं होतं?

डेमियन मिल्टन या ब्रिटिश ऑटिस्टिक अभ्यासकाने २०१२ मध्ये 'दुहेरी सहानुभूतीचा प्रश्न' अशी कल्पना मांडली. म्हणणं सोपं आहे. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं आपण म्हणतो, पण इतरांना तरी त्याचं मन कुठे कळतं? अडचण दोन्ही बाजूंनी आहे, बोट मात्र एकाकडेच. आम्हा मराठवाड्याच्या माणसांना हे लगेच समजावं. मी पुण्यात नवीन असताना माझं बोलणं लोकांना उद्धट वाटायचं आणि मला त्यांचं बोलणं तुसडं. दोघांच्याही मनात तसं काही नव्हतं. पण सुधारायचं मात्र मीच, कारण मी संख्येने कमी!

आपल्याकडे वेगळ्या माणसाला मान्यता मिळायच्या दोन वाटा जुन्या आहेत. एक देवत्वाची. महानुभाव पंथातले ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू घ्या. तेराव्या शतकातल्या त्यांच्या चरित्रात लोक त्यांना वेडा म्हणत असं सरळ येतं, आणि त्यांच्या लहरीप्रमाणे आपला दिवस बदलणारे भक्तही येतात. (त्यांना आजची कुठली लेबलं लावायचा माझा हेतू नाही, तो मूर्खपणा होईल.) दुसरी वाट अलौकिक बुद्धीची. सिनेमात 'रेन मॅन' (१९८८) पासून ती रुळली. ऑटिस्टिक म्हटलं की लोक लगेच विचारतात, "मग गणितात हुशार असेल ना?" भाचा गणितात साधारण आहे. अण्णाला पैसे मोजता येत नाहीत. देवही नाही आणि जीनिअसही नाही, अशा साध्या स्वमग्न माणसाला नुसता माणूस म्हणून घरात जागा आहे का, खरा प्रश्न हा आहे.

आणि स्वीकार नसला की काय होतं? लोक 'बरं करण्याच्या' मागे लागतात. अण्णासाठी काकांनी गंडे बांधले, नवस केले, एकदा कुणाच्या सांगण्यावरून त्याला तीन दिवस उपाशी ठेवलं होतं. शहरात हेच महाग होतं. लसीमुळे ऑटिझम होतो म्हणणारा १९९८ चा शोधनिबंध 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला, तरी ताईला आजही कुणीतरी तेच ऐकवतं. स्टेम सेलच्या उपचारांवर लोकांनी लाखो रुपये घालवले. ऑटिझमसाठी त्याला शास्त्रीय आधार नाही, त्याची शिफारस करता येत नाही, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलं. तोवर कित्येकांचे दागिने मोडून झाले होते.

स्वीकार म्हणजे हातावर हात धरून बसणं नव्हे, हेही सांगायला हवं. भाच्याला वाचा-उपचारांचा फायदा झाला, कार्डांचा झाला, समजूतदार शिक्षिका मिळाल्या त्यांचा सर्वात जास्त झाला. मदत हवीच. फक्त ती त्याचं जगणं सोपं व्हावं म्हणून हवी, तो आपल्यासारखा दिसावा म्हणून नको. हात फडफडवल्याने कुणाचं काय बिघडतं?

अजून एक बाजू आहे, ती आमच्या जिल्ह्याची. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२१ मध्ये जगात साधारण १२७ माणसांमागे एक ऑटिस्टिक होता. म्हणजे पाच हजार वस्तीच्या गावात चाळीसेक माणसं! ती कुठे आहेत? गावी आमच्या आळीत असाच एक आठ वर्षांचा मुलगा आहे. त्याचे आईवडील ऊसतोडीला जातात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल फेडायला गाडी भरून निघायचं, पश्चिम महाराष्ट्रात नाही तर कर्नाटकात. पाच-सहा महिने फडावर, खोपटात. ज्या मुलाला ताटाची जागा बदललेली चालत नाही, त्याचं घर, गाव, माणसं वर्षातून दोनदा बदलतात. एका हंगामात त्याला बरोबर नेलं, तर तो उसाच्या ट्रॅक्टरच्या आवाजाने रात्र रात्र ओरडायचा. पुढच्या हंगामात आजीकडे ठेवला, तर जेवणंच सोडलं. त्याच्या आईला मी कुठल्या तोंडाने सांगू, की ताई, स्वीकार करा? तिने तो कधीच केलाय. तिला हवा आहे हंगामात त्याच्याजवळ थांबता येईल एवढा पैसा, आणि गावात त्याला घेणारी शाळा. सहा ते अठरा वयाच्या दिव्यांग मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्यात आहे. २०१३ पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडी-शाळेतल्या मुलांची तपासणी होते, तिच्या यादीत ऑटिझमही आहे. मांडणी वाईट नाही. पण यादीत नाव आल्यावर पुढचं पाऊल कुणी टाकायचं, तिथे गाडं अडतं. तेव्हा स्वीकार हा फक्त मनाचा मोठेपणा नाही. त्याला पैसे लागतात, माणसं लागतात, वेळ लागतो. ते न देता निळे दिवे लावणं स्वस्त पडतं.

आता ज्यासाठी एवढं लिहायला बसलो, ते लिहितो. घरच्या मंडळींपैकी बरेच जण हे वाचतील, म्हणून कुणाचं नाव घेत नाही.

गेल्या वर्षी आपल्या घरात लग्न होतं. काकूंना फोन गेला. प्रेमानेच बोललं गेलं, त्यात शंका नाही. 'तुम्ही या, पण अण्णाची व्यवस्था गावाकडंच करा, त्याला गर्दीचा त्रास होतो, आवाजाचा त्रास होतो.' अण्णाला आवाजाचा त्रास होतो ही आता आपल्या सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट. ती माहिती त्याला बोलावण्यासाठी वापरता आली असती. डीजे तासभर बंद ठेवता आला असता, मंगल कार्यालयात मागची एक खोली त्याच्यासाठी ठेवता आली असती. ती वापरली गेली त्याला न बोलावण्यासाठी. काकू लग्नाला आल्या नाहीत. 'गुडघे दुखत्यात' म्हणाल्या. त्यांचे गुडघे दहा वर्षांपासून दुखतात, आणि तरी त्या सगळ्या लग्नांना येत होत्या.

आणि दुसरी गोष्ट. काकू आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत. 'काकूंनंतर अण्णाचं काय' ही चर्चा दिवाळीत झाली. हा प्रश्न अशा प्रत्येक घरात असतो. त्यातूनच बदलापूरला पालकांनी एकत्र येऊन प्रौढ मतिमंदांसाठी 'आधार' उभं केलं. मुंबईत जुहूला २०१८ मध्ये 'कॅफे अर्पण' सुरू झालं, तिथे ऑटिस्टिक आणि इतर बौद्धिक अपंगत्व असलेले तरुण काम करतात. असं काही आमच्या भागात असतं तर फार बरं झालं असतं. चर्चेत 'कुठल्या तरी संस्थेत ठेवू', 'सहा-सहा महिने वाटून घेऊ', 'जमीन कुणाच्या नावावर करू म्हणजे तो सांभाळेल' असं सगळं झालं. जमिनीचं आधी सांगतो. अण्णाचा हिस्सा अण्णाचाच. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यात स्पष्ट आहे, की आजारामुळे किंवा व्यंगामुळे कुणाचा वारसा हक्क जात नाही. पालकत्व घ्यायचं तर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करता येतो. आणि २०१६ चा कायदा म्हणतो, की पालकाने निर्णय त्या व्यक्तीशी विचारविनिमय करून घ्यायचा.

विचारविनिमय! त्या दिवशी ओसरीवर आम्ही अकरा जण होतो. अण्णा तिथेच खांबाला टेकून बसला होता आणि तुरीचे भाव सांगत होता. मधूनमधून कापसाचेही. काकू चहा ठेवून बाहेर आल्या, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "कवाधरनं सांगालालाय त्यो, कुणी ऐकना गेलंय." आणि त्याला घेऊन आत गेल्या.

त्यानंतर मी आणि ताईने काकूंच्या मदतीने अण्णाला विचारायचं ठरवलं. तोंडी विचारून उत्तर येत नाही हे ठाऊक होतं. त्याची एक पितळी आहे, तो त्यातच जेवतो. अंबाजोगाईच्या घरी त्याला चार दिवस नेलं, काकू बरोबर होत्या. दोन दिवस पितळी त्याने कुठेच ठेवली नाही, हातात घेऊन फिरला. तिसऱ्या दिवशी ती पिशवीत घालून दारात बसला. धर्मापुरीला परत आल्यावर घरात शिरून पहिल्यांदा कोनाड्यात पितळी ठेवली आणि झोपला. पुन्हा दिवाळीनंतर पुण्याला ताईकडे नेलं, तिथेही तसंच. आमच्या दृष्टीने हे उत्तर आहे. अण्णाला त्याच्या घरात राहायचंय.

तेव्हा माझा प्रस्ताव असा. अण्णाला हलवायचं नाही, आपण हलायचं. शेजारच्या जोडप्याशी बोलणं झालंय. पगार घेऊन दोन वेळचं जेवण आणि रात्रीची सोबत करायला ते तयार आहेत, काकू आहेत तोवरच सुरुवात करायची, म्हणजे अण्णाला सवय होईल आणि त्यांना बाजारभावांची भाषा कळेल. अण्णाच्या हिश्श्याचं उत्पन्न त्याच्यासाठीच लावायचं, कमी पडेल ते आपण भावंडांनी घालायचं. दर महिन्याला एकाने दोन दिवस जाऊन राहायचं. आकडे मी स्वतंत्र पाठवतो. यात अडचणी आहेत. शेजारी उद्या गाव सोडतील, अण्णा आजारी पडेल, आपल्यातलं कुणी टाळाटाळ करेल. तरी संस्थेचा दरवाजा ठोठावायच्या आधी हे करून बघायला हवं. आणि काकूंना हे त्यांच्या डोळ्यांदेखत सुरू झालेलं दिसायला हवं. त्या बोलत नाहीत, पण रात्री त्यांना झोप लागत नाही हे ताईला माहीत आहे.

येत्या मे महिन्यात घरात पुन्हा एक लग्न आहे. कार्यालयात मागच्या बाजूला एक खोली आहे, मी बघून आलोय. तिथे पंखा चालतो आणि आवाज कमी येतो. अक्षतांच्या वेळेपुरता बँड बंद ठेवायला बँडवाला तयार आहे, त्याला काही फरक पडत नाही म्हणाला. अण्णा येईल की नाही ते त्या दिवशी त्याच्यावर. पण पत्रिका काकूंच्या नावाने पाठवाल तेव्हा त्यावर अण्णाचंही नाव लिहा. पूर्ण नाव.